शिट्टी वाजली की सगळेच रेफ्री : पोरांच्या फुटबॉलबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पोरांच्या मॅचमधले फौल आणि त्यावरून होणारी भांडणं यावर प्रश्न पाठवा म्हणलं होतं, तर एवढे आले की निम्मे पुढच्या वेळेला ढकलावे लागतायत. गंमत म्हणजे पोरांचे प्रश्न कमी, आईबापांचे आणि कोचचे जास्त. नावं छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत, कारण काही पत्रांत समोरच्या टीमबद्दल जे लिहिलंय ते नावासकट छापलं तर पुढच्या रविवारी त्या माणसाला मैदानावर जायची सोय राहणार नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : मी कॉलेजला आहे, नुकताच रेफ्रीचा कोर्स केला. शाळांच्या १४ वर्षांखालच्या मॅच मिळतात. जरा धक्का लागला की दोन्हीकडून ‘फौल, फौल’ सुरू. सगळं वाजवलं तर मॅच होत नाही, सोडलं तर शिव्या. लाइन कुठं ओढू?

पहिल्या पाच मिनिटांत ओढ, नंतर ओढायला गेलास तर कोण ऐकत नाही. पहिला जो किरकोळ फौल होईल, शर्ट ओढणं म्हण नाहीतर पाठीवर हात, तो वाजवायचाच, सेकंड हाफला तोच सोडला असतास तरी वाजवायचा. पोरांना कळतं आज हे चालणार नाही, आणि बाहेर उभ्या असलेल्यांनाही कळतं की हा बाबा बघतोय.

आता फौल कुठला. फुटबॉलच्या नियमांच्या पुस्तकातल्या नियम १२ मध्ये तीन पायऱ्या आहेत, मी माझ्या भाषेत सांगतो. लक्ष न देता गेला, समोरच्याचं काय होईल याची फिकीर न करता गेला, आणि जीव खाऊन गेला. पहिल्याला नुसती फ्री किक, दुसऱ्याला यलो कार्ड म्हणजे ताकीद, तिसऱ्याला रेड कार्ड म्हणजे मैदानाबाहेर. पोरांच्या मॅचमध्ये बहुतेक सगळं पहिल्या पायरीवरच असतं, कारण त्यांना अजून स्वतःचे पाय आवरता येत नसतात, त्यात शाळांच्या मॅच नेमक्या पावसात येतात आणि चिखलात टॅकलला गेलेलं पोरगं थांबायचं म्हणलं तरी थांबत नाही. म्हणून तो फौल नाही असं नव्हे हां, फौल आहेच, पण खिशात हात घालायची घाई नको.

‘सर बॉलला लागला!’ हे दिवसातून पन्नासदा ऐकशील. बॉलला आधी पाय लागला म्हणजे पुढचं सगळं माफ असं नियमात कुठंही लिहिलेलं नाही. बॉल काढून घेतला आणि मागच्या पायानं समोरच्याची नडगी सोलली तर तो फौलच. आणि उलटंही खरं, खांद्याला खांदा लावून बॉलसाठी जोर लावला आणि बारका पोरगा उडाला, तर मोठ्या पोराचा काय दोष? आठवीच्या वर्गात एक मिशी फुटलेला असतो आणि एक अजून पाचवीतला वाटतो, त्याला रेफ्री काय करणार. अंगानं मोठं असणं हा गुन्हा नाही.

एक जागा मात्र डोळ्यात तेल घालून बघ. गोलकिक हवेत गेली की खाली पोरांचा घोळका जमतो. बॉलकडं बघू नकोस, तो येतोच खाली, तू पोरांच्या पाठींकडं बघ. मागच्याचे दोन्ही तळवे पुढच्याच्या पाठीवर टेकलेले दिसतील, हा नेहमीचा फौल आणि हा सगळ्यांना दिसतो. पण याचाच एक भाऊ आहे जो कुणालाच दिसत नाही. पुढचा पोरगा उडीच मारत नाही, नेमक्या वेळेला कंबरेत वाकून मागं सरकतो, आणि जो सरळ उडी मारून हेडिंगला गेलेला असतो तो याच्या पाठीवरून कोलमडून डोक्यावर पडतो. वरचा पडला म्हणून सगळं मैदान ओरडतं ‘अंगावर चढला’, आणि फौल असतो खालच्याचा. मान मोडायची भीती यात आहे. हा एकदा वाजवून त्या पोराला दोन शब्दांत का ते सांग, ‘वाकून पाठ द्यायची नाही, तो डोक्यावर पडतो’, बस.

आणि शिट्टी नीट वाजव. किरकोळ फौलला छोटी, राग आणणाऱ्या फौलला लांब आणि जोरात. घाबरत वाजवलेली शिट्टी सगळ्यांना ओळखू येते, ती वाजली की तक्रारी सुरू. आणि पळत जवळ जा रे. चाळीस पावलांवरून बरोबर दिलेल्या निर्णयावर जेवढी बोंब होते तेवढी दहा पावलांवरून दिलेल्या चुकीच्या निर्णयावरही होत नाही, हे फार न्यायाचं नाहीये पण असंच आहे.

प्रश्न (सातारा, इयत्ता ८वी) : त्यांचा पाच नंबर पूर्ण हाफभर मला चिमटे काढत होता आणि मुद्दाम पायावर पाय देत होता. सरांनी काहीच बघितलं नाही. मी एकदाच ढकललं तर मला रेड. हे बरोबर आहे का?

बाळा, ढकललंस म्हणजे नक्की कुठं ते लिहिलं नाहीस! छातीला हलका हात लावून बाजूला सारलंस तर बहुतेक रेफ्री यलोवर भागवतात. पण बॉल दुसरीकडं असताना जोरात ढकललंस किंवा हात तोंडावर गेला तर रेड द्यायला रेफ्री मोकळा आहे, आणि त्याआधी तुला काय झालं हे त्यात धरत नाहीत.

सरांनी बघितलं नाही याचं कारणही सांगतो. शाळेच्या मॅचला बऱ्याचदा एकच रेफ्री असतो, लाइनला दोन्ही टीमचा एकेक राखीव पोरगा झेंडा घेऊन उभा, आणि त्याचं अर्धं लक्ष डब्याकडं. रेफ्री बॉलमागं पळतो, चिमटे त्याच्या पाठीमागं निघतात. तू ढकललंस तेव्हा समोरचा ओरडला, पडला, सगळ्यांच्या माना वळल्या, तेवढंच दिसलं. म्हणून दुसरा नेहमी सापडतो. पहिला फौल रेफ्रीला दिसला असता तर फ्री किक तुमचीच झाली असती, कार्ड मात्र तरीही तुला मिळालं असतंच.

पुढच्या वेळी असं कर. बॉल बाहेर गेला की तुझ्या कॅप्टनला सांग, आणि कॅप्टननं रेफ्रीला एकदाच, हळू आवाजात म्हणायचं, ‘सर, पाच नंबरकडं जरा लक्ष ठेवाल का.’ बाकी काही नाही. पुढची पाच मिनिटं रेफ्रीची नजर त्या पोरावर राहते की नाही बघ. हेच तू लांबून हात पसरून ओरडलास तर उलटं होतं, तुझ्यावरच नजर राहते.

प्रश्न (ठाणे) : माझ्या मुलीच्या हाताला बॉल लागला, एका रेफ्रीने पेनल्टी दिली. पुढच्या आठवड्यात तसंच समोरच्या मुलीचं झालं तर दुसऱ्याने काहीच दिलं नाही. नियम एकच असतो ना?

नियम एकच, हात दोन आणि रेफ्री अनेक. हाताला बॉल लागला म्हणजे हँड, म्हणजे हाताचा फौल, झाला असं नसतं ही गोष्ट निम्म्या पालकांना माहीत नसते. मुद्दाम हात बॉलकडं नेला तर हँड. हात अशा जागी होता की त्या हालचालीत तो तिथं असायचं काही कारण नव्हतं, उगाच पसरून अंग मोठं केलं, तरी हँड. पळताना अंगालगत हलणारा हात, पडताना जमिनीला टेकायला गेलेला हात, एक फुटावरून मारलेला बॉल येऊन आदळला, हे सहसा सोडतात. आणि हात सुरू होतो काखेच्या खालच्या टोकापासून, म्हणजे खांद्याच्या वरच्या भागाला लागला तर तो हातच नाही.

गोलचं वेगळं. ज्या मुलीच्या हाताला बॉल लागला तिनंच लगेच गोल केला तर चुकून लागलेला असला तरी गोल रद्द. मैत्रिणीच्या हाताला चुकून लागून हिनं मारला तर २०२१ पासून तो गोल धरतात.

पोरांच्या मॅचमध्ये एक गोष्ट जास्त येते, जोरात येणारा बॉल बघून तोंडासमोर हात. तोंड वाचवायची वेगळी सूट पुस्तकात लिहिलेली नाही, रेफ्री ठरवतो की दचकून गेलेला हात आहे की बॉल अडवायला गेलेला. दहा वर्षांच्या पोरीनं नाकासमोर हात धरला तर मी शिट्टी वाजवत नाही, वाजवणारे आहेत, आणि वाजवली तर ते खोटं आहे असंही म्हणता येणार नाही. तुम्हाला दोन वेगळे निकाल मिळाले ते बहुतेक यातूनच.

प्रश्न (पुणे) : मॅच चालू असताना माझे मिस्टर लाइनवरून मुलाला सूचना देत होते, थोडं रेफ्रीलाही बोलले असतील. रेफ्रीने मॅच थांबवून त्यांना ग्राउंडच्या बाहेर पाठवलं. सगळ्यांसमोर अपमान झाला. पालकांना बाहेर काढायचा अधिकार रेफ्रीला असतो का?

‘थोडं बोलले असतील’ हे वाचून हसू आलं वहिनी, माफ करा.

पालकाला कार्ड दाखवता येत नाही. कार्ड खेळाडूंना, राखीव खेळाडूंना, आणि २०१९ पासून कोच-मॅनेजर वगैरे टीमच्या माणसांना. पण बाहेरच्या माणसामुळं मॅच नीट चालत नसेल तर ती थांबवायचा, तात्पुरती बंद ठेवायचा किंवा पूर्ण रद्द करायचा अधिकार रेफ्रीला नियमानंच दिलाय. मग शहाणा रेफ्री काय करतो, बॉल बाहेर गेल्यावर थांबतो, कोचला बोलावतो आणि सांगतो, ‘तुमचे ते निळ्या शर्टवाले गेटबाहेर गेले की सुरू करू.’ स्वतः पालकाशी वाद घालत नाही. कोच नाहीतर संयोजक जाऊन बोलतात. तुमच्या रेफ्रीनं स्वतः जाऊन सुनावलं असेल तर ती पद्धत चुकली, अधिकार नाही चुकला.

आता लाइनवरच्या सूचनांबद्दल. कोच म्हणतो पास दे, बाबा म्हणतात मार, आई म्हणते सांभाळून, आणि पोरगं बॉलवर उभं राहून तिघांकडं बघतं तेवढ्यात बॉल गेलेला असतो. मग बाबा म्हणतात फौल! फौल कसला, नुसता बॉल काढून घेतला हो. मोबाईलवर व्हिडिओ काढून हाफटाइमला रेफ्रीसमोर धरणारेही आहेत, ‘बघा, झूम करून बघा’. व्हीएआर (व्हिडिओ बघून मदत करणारा रेफ्री) नसलेल्या मॅचमध्ये रेफ्रीला व्हिडिओ बघून निर्णय बदलताच येत नाही. आणि खेळ पुन्हा सुरू झाला की आधीचा निर्णय बदलत नाही, रेफ्रीला स्वतःला वाटलं तरी. त्यामुळं तो व्हिडिओ घरी आजीला दाखवा, तिला आवडेल.

आणि फौलसाठी ओरडून उपयोग होतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. होतो कधीकधी, नवख्या रेफ्रीवर होतो, खोटं कशाला बोलू. पण त्या ओरडण्यानं तुमच्या पोराला सवय लागते की पडलं की आधी रेफ्रीकडं बघायचं, उठायचं नंतर.

प्रश्न (मुंबई, अकॅडमी कोच) : रेफ्रीने उघड चूक केली तर कोचने तोंड बंद ठेवायचं का? तक्रार करायची योग्य पद्धत काय? आणि समोरच्या टीममध्ये सरळसरळ मोठ्या वयाची मुलं खेळतात, त्याचं काय?

तोंड बंद कशाला, पण आधी ठरवा चूक कसली. रेफ्रीला काय दिसलं, धक्का होता की नव्हता, बॉल लाइनच्या आत होता की बाहेर, यावर त्याचाच शब्द शेवटचा आणि बहुतेक स्पर्धांत यावर प्रोटेस्ट घेत नाहीत. नियमच चुकीचा लावला तर गोष्ट वेगळी. उदाहरणार्थ इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे दुसऱ्या कुणाला लागल्याशिवाय जिच्यावर गोल होत नाही ती, कुणालाही न लागता सरळ गोलमध्ये गेली आणि रेफ्रीनं गोल दिला. तिथं गोलकिक द्यायला पाहिजे होती. असं झालं तर खेळ परत सुरू व्हायच्या आत कॅप्टनला पाठवा आणि प्रश्न विचारायला लावा, ‘सर, ती इनडायरेक्ट होती ना, कुणाला लागला?’ आरोप केला की रेफ्री निर्णयाला चिकटून बसतो, प्रश्न विचारला की विचार करतो. सेंटर झाल्यावर, म्हणजे मैदानाच्या मधून खेळ परत सुरू झाल्यावर, मात्र काही होणार नाही, मग लेखी प्रोटेस्ट, स्पर्धेनं दिलेल्या वेळेत आणि फी असेल तर फीसकट.

हाफटाइमला रेफ्रीला गाठून बोलायचं असेल तर एकटे जा, असिस्टंट कोच, मॅनेजर आणि दोन पालक अशी वरात घेऊन जाऊ नका.

वयाचं दुखणं मोठं आहे आणि ते रेफ्रीच्या गळ्यात मारण्यात अर्थ नाही. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला तपासणं हे संयोजकांचं काम, मॅचच्या आधी. रेफ्रीकडं यादी आणि नंबर असतात, दाढीवरून वय ठरवायचा अधिकार त्याला नाही. मॅचच्या आधी समोरची कागदपत्रं बघायची मागणी करा, लेखी हरकत नोंदवा. बहुतेक कोच काय करतात, मॅच जिंकली तर गप्प, हरली की दाखले आठवतात. तेव्हा तुमची बाजू खरी असली तरी ऐकायला खोटी वाटते.

प्रश्न (नागपूर) : मी २१ वर्षांची आहे, मुलांच्या १६ वर्षांखालच्या मॅचला रेफ्री असते. ‘ताई तुला समजत नाही’ हे कोचसुद्धा म्हणतात. हसून सोडू की कार्ड काढू?

एकदा हसून सोड, दुसऱ्यांदा कोचजवळ जाऊन सगळ्यांना दिसेल असं उभं राहून सांग, ‘सर, हे शेवटचं’, तिसऱ्यांदा यलो. तेही वर लिहिलंय तसं २०१९ पासून कोचला दाखवता येतं. बेंचवरून कुणी बोललं ते कळलं नाही तर तिथल्या मुख्य कोचला कार्ड जातं, हा नियम फार कामाचा आहे आणि फार कमी जणांना माहीत आहे. दोनदा वापरलास की कोचच स्वतःचं बेंच गप्प करतो. शिवी किंवा बाईमाणसाला बोलतात तसलं घाण काही असेल तर मात्र तीन पायऱ्या नाहीत, सरळ रेड आणि रिपोर्टमध्ये शब्द जसाच्या तसा. ‘अपशब्द वापरले’ असं लिहू नकोस, समिती त्यावर काही करत नाही, नेमकं काय म्हणाला ते लिही.

पोरांसाठी अजून एक सोय आहे, स्पर्धेच्या नियमात घेतली असेल तर. सिन बिन. वाद घातला की यलो दाखवून थोडा वेळ बाहेर, मॅचच्या एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ६० मिनिटांच्या मॅचला ६ ते ९ मिनिटं. पोरांना कार्डापेक्षा बाहेर बसणं जास्त लागतं. कॅप्टन सोडून कुणी रेफ्रीजवळ यायचं नाही ही पद्धतही आता नियमांच्या पुस्तकात आलीय. नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कॅप्टनना सांगून टाक, ‘बोलायचं असेल तर तुम्ही दोघंच.’ १५ वर्षांच्या कॅप्टनला एवढा मान दिला की तो बाकीच्यांना स्वतः मागं खेचतो.

कार्ड काढताना हात थरथरतो असंही तू लिहिलंयस. घाई करू नकोस म्हणजे झालं. पोराला चार पावलं बाजूला घे, नंबर लिही, मग कार्ड वर. कार्डं आली १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपमध्ये, केन ॲस्टन नावाच्या इंग्लिश रेफ्रीच्या डोक्यातून, सिग्नलचे दिवे बघून सुचली म्हणतात. कुणाला वॉर्निंग मिळाली हे भाषा न कळणाऱ्यालाही कळावं म्हणून. तोंडावर नाचवायची ती वस्तू नाही.

आणि ताईला समजत नाही म्हणणाऱ्यांना सांग, गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला मुलींच्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला असिस्टंट रेफ्री होत्या, आणि २०२२ मध्ये कतारच्या वर्ल्ड कपला जर्मनी-कोस्टारिका मॅच फ्रान्सच्या रेफ्री स्टेफनी फ्रापार यांनी घेतली, पुरुषांची. नाहीतर सांगूही नकोस, पुढचा फौल जवळून वाजव.

प्रश्न (न्यू जर्सी) : आमचा मुलगा १४ वर्षांचा आहे, इथे लहान मुलांच्या सॉकर मॅचेसना रेफ्री म्हणून जातो, पैसेही मिळतात. पण मोठी माणसं त्याच्यावर ओरडतात आणि तो घरी येऊन रडतो. सोडायला सांगू का?

त्याला विचारा की मॅच नकोशी वाटते की माणसं. मॅच आवडत असेल तर सोडू नका. तुमच्याकडं यू.एस. सॉकरनं (अमेरिकेची फुटबॉल संघटना) २०२५ पासून रेफ्रीला त्रास देण्याविरुद्ध देशभर एकच धोरण लागू केलंय, शिव्या, धमक्या सगळं त्यात येतं, प्रेक्षकही येतात, आणि रेफ्री अल्पवयीन असेल तर शिक्षा अजून कडक. त्यामुळं झालेला प्रकार त्याच दिवशी लिहून द्या. सुरुवातीच्या मॅचला तुम्ही जाऊन बसा, पण त्याच्या बाजूनं भांडायला म्हणून नाही, नाहीतर लाइनवर अजून एक ओरडणारा पालक वाढेल.

नियमाच्या बाबतीत एक नक्की बघा. तुमच्याकडं १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद आहे, मुद्दाम हेड मारला तर समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक. भारतातून गेलेल्या बाबा लोकांना हे माहीत नसतं, पोरानं मस्त हेड मारला म्हणून टाळ्या वाजवतात आणि वर रेफ्रीनं फौल दिला की पेटतात. मुलाला सांगा मॅचच्या आधी दोन्ही कोचना ही आठवण करून द्यायची, कोच पालकांना सांगतील. निम्मं ओरडणं तिथंच कमी होईल.

काही छोटे

सांगली : थ्रो (लाइनबाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकणं) चुकला की फौल का म्हणतात, कार्ड मिळतं का? कार्ड वगैरे नाही, थ्रो समोरच्या टीमला जातो. अगदी बारक्या पोरांत एकदा परत टाकायला देतात, पण ती स्पर्धेची मेहेरबानी, नियम नाही.

नाशिक : थ्रोवर ऑफसाइड (समोरच्यांच्या बचावाच्या पलीकडं उभं राहून पास घेणं) का देत नाहीत? नियमातच नाही. थ्रो, गोलकिक आणि कॉर्नर, तिन्हीवर थेट मिळालेल्या बॉलला ऑफसाइड नसतो. पालकांच्या निम्म्या बोंबा यावरच असतात.

औरंगाबाद : पोरगं पडून रडतंय आणि समोरचे गोल करायला निघालेत, थांबवायचं का? डोक्याला लागलं असेल तर तिथल्या तिथं थांबवायचं, गोल गेला खड्ड्यात. गुडघा खरचटलाय एवढंच दिसत असेल तर मोठ्यांच्या मॅचला बॉल बाहेर जाईपर्यंत थांबतात, पोरांच्या मॅचला मी लवकर वाजवतो. मग ड्रॉप बॉल, म्हणजे रेफ्री बॉल खाली सोडून खेळ सुरू करतो, एकाच खेळाडूसाठी, बाकीचे ४ मीटर लांब.

फोंडा : त्यांचा गोलकीपर बॉल छातीशी धरून वेळ काढत बसतो, आमचे लोक आकडे मोजत ओरडतात. मोजू देत. २०२५-२६ च्या नियमांपासून ८ सेकंदांच्या वर हातात धरला तर समोरच्या टीमला थेट कॉर्नर, आणि शेवटची ५ सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांनी दाखवतो. तुमची स्पर्धा नवीन नियमांवर आहे का तेवढं संयोजकांना आधी विचारून घ्या.